अकरा काचपट्ट्या

माझी धाकटी नणंद पोटाच्या विकारांवर संशोधन करायची. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण लहानपणी ती पाच मिनिटं एका जागी बसली की सासूबाई तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहायच्या. हीच मुलगी पुढे चौतीस वर्षं एका उंच स्टुलावर बसून मायक्रोस्कोपमध्ये डोळा लावून राहिली. आमचे हे म्हणायचे, "भिंगरीच्या हाती भिंग पडलं आणि ती फिरायची थांबली. आधी कळलं असतं तर पाळण्यातच बांधलं असतं."

तिच्या संशोधनातलं सगळं समजावून सांगण्याची माझी योग्यता नाही. पण तिने एकदा जे केलं ते मी शेजारी उभी राहून पाहिलं. तारखांसकट ते माझ्या वह्यांत आहे. आता तिलाही वयामुळे बारीकसारीक आठवत नाही आणि माझेही डोळे थकत चालले आहेत, म्हणून एकदा सलग लिहून ठेवते.

मी लग्न होऊन आले तेव्हा ती वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. अभ्यासाची पुस्तकं ती स्वयंपाकघरात घेऊन यायची, कारण तिला वाचलेलं कुणालातरी सांगितल्याशिवाय चैन पडत नसे, आणि हातात काम असल्यामुळे मी उठून जाऊ शकत नसे.

"वहिनी, सांग, आपल्या शरीरातली कुठली जागा बाहेरच्या जगाला सगळ्यात जास्त भिडलेली असते?"

"कातडी," मी म्हणाले.

"चूक. आतडं. त्याच्या आतल्या अस्तरावर बारीक बारीक लव असते, मखमलीसारखी. ती सगळी उलगडून पसरली ना, तर आपल्या या दोन्ही खोल्यांना सतरंजी होईल. आणि तिथे दिवसातून चार वेळा परकं येतं. भात, दूध, फळं, कुणाकुणाच्या हातचं काय काय. आतल्या पहारेकऱ्यांनी दर वेळी ठरवायचं, हा पाहुणा की चोर? आणि बहुतेक वेळा ते पाहुणा म्हणून आत घेतात. इतकी समजूतदार जागा अख्ख्या शरीरात दुसरी नाही."

बाहेरच्या खोलीतून यांचा आवाज आला, "मग आईची बदली तिकडे करा. सून आल्यापासून इथला पहारा फार कडक आहे."

"मला ऐकू येतंय," सासूबाई आतून म्हणाल्या.

मी हसले, पण तो विचार डोक्यातून गेला नाही. आपण जेवून उठतो, भांडी आवरतो, वर्तमानपत्र उघडतो, आणि आत इतका मोठा न्यायनिवाडा चाललेला असतो, आपल्याला न विचारता. त्या रात्री मी वहीत तेवढंच लिहिलं.

काही मुलांच्या बाबतीत हे पहारेकरी चुकतात. गहू पोटात गेला की त्यालाच शत्रू समजतात, आणि त्याच्यावर हल्ला करताना स्वतःचंच अस्तर जाळून टाकतात. लव झडते, आतडं सपाट होतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. हात काड्यांसारखे, पोट पुढे आलेलं, चेहरा म्हाताऱ्या माणसासारखा, अशी मुलं तिच्याकडे यायची. औषध काही नाही. गहू आणि त्याच्या जातीची एक-दोन धान्यं बंद केली की सहा महिन्यांत तेच मूल ओळखू येऊ नये इतकं भरायचं. त्यासाठी आईबापांना सांगायचं तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. ती मुलाच्या आईचा हात हातात घ्यायची आणि म्हणायची, "जन्मभर. एक कण नाही. वाढदिवसाला नाही, परीक्षा संपल्यावर नाही, कुणी प्रेमाने दिलं तरी नाही. जन्मभर."

तिची प्रयोगशाळा रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या मागे होती. खिडकीतून पाण्याची टाकी दिसायची. एक सिंक, त्यावर न जाणारा तपकिरी डाग, दोन स्टुलं, मेण वितळवायचं भांडं, आणि भिंतीला लाकडी कपाटं. कपाटांत हजारो काचपट्ट्या आणि मेणाच्या वड्या. मेणाचा गोडसर वास आणि फॉर्मालिनचा तिखट वास तिच्या साड्यांना इतका भिनला होता की ती जिन्यात असतानाच मला कळायचं, चहाला एक कप वाढवायचा आहे.

तिच्या कामातली एक पद्धत इथे सांगितलीच पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. तोंडातून दुर्बीण घालून मुलाच्या आतड्याच्या अस्तराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढतात. हा तुकडा बाहेर आल्या आल्या आक्रसायला लागतो. त्या एका मिनिटात तो सुईच्या टोकाने गाळणकागदावर पसरायचा, लव वर, पाठ खाली. मग तो फॉर्मालिनमध्ये, मग मेणात, आणि मग यंत्रावर त्याचे कागदाहून पातळ काप.

"गालिचा सरळ खाली कापला तर धाग्यांची उंची दिसते," तिने मला चाकू आणि स्पंज घेऊन दाखवलं होतं. "तोच तिरका कापला तर नुसते ठिपके दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, गालिचा झिजलेला आहे. म्हणून तुकडा ठेवायचं काम मी कुणाला देत नाही."

आणि खरंच देत नसे. एवढी मोठी संशोधक, पण सकाळी सातला दुर्बिणीच्या खोलीत चिमटा आणि हातभिंग घेऊन उभी असायची. डॉक्टर चेष्टा करायचे, "बाई, तुमच्याशिवाय आतड्यालाही बाहेर यायची परवानगी नाही." ती म्हणायची, "नाहीच आहे."

मग आमचे हे आजारी पडले. चौदा आठवडे. शेवटच्या काळात त्यांना रात्रभर झोप नसायची आणि मलाही नसायची. ती आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, सकाळी सातला यायची आणि म्हणायची, "वहिनी, आत जा, पडून घे. दादाजवळ मी आहे." दुपारी दोनला जायची आणि संध्याकाळी उशिरापर्यंत प्रयोगशाळेत बसून त्या दिवसाचं काम उरकायची. ठरलेले वार नव्हते. ज्या रात्री यांना जास्त त्रास झाला, त्याच्या दुसऱ्या सकाळी ती दारात. कुणी कळवायचं, ते आता मला आठवत नाही. बहुधा सासूबाई फोन करत असाव्यात.

हे गेले. त्यानंतर वर्षाने तिचा तो निबंध छापून आला.

अकरा मुलं. सगळ्यांच्या तक्रारी पोटाच्या, वजन कमी. गव्हाच्या आजारात रक्तात जी प्रतिपिंडं सापडतात ती या अकरा जणांच्या रक्तात नव्हती. रक्त स्वच्छ, आणि आतडं मात्र सपाट. तिने मांडलं की हा त्या आजाराचा वेगळा प्रकार आहे, रक्ताला पत्ता लागू न देणारा. मुलांचा गहू बंद केला, त्यातली बरीचशी सुधारली. इतर ठिकाणीही कुणाला एक, कुणाला दोन असे रुग्ण सापडले. दोन-तीन वर्षांत लोक त्या प्रकाराला तिच्या आडनावाने ओळखू लागले. परिषदांना बोलावणी आली, पाठ्यपुस्तकात अर्धं पान आलं. ते पान तिने सासूबाईंना वाचून दाखवलं. मुलगा गेल्यापासून त्या क्वचितच बोलायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, "घराण्याचं नाव काढलंस, पोरी. पण जरा बरं काहीतरी बघायचं होतंस. आजाराला कशाला दिलंस!" हे गेल्यानंतर पहिल्यांदा आम्ही तिघी एकत्र हसलो.

हे गेल्याला आठ वर्षं झाली होती. तिच्या निवृत्तीला काही महिने उरले होते. एक दिवस त्या अकरांपैकी एका मुलीला तिची आई दंडाला धरून घेऊन आली. सहा वर्षांची होती तेव्हा निदान झालं, आता चौदाची होती. गुटगुटीत, गाल वर आलेले.

आई म्हणाली, "बाई, हिला सांगा काहीतरी. दोन वर्षं चोरून बिस्किटं खातेय. दप्तरात पुड्या सापडल्या. रोज! मैत्रिणीच्या डब्यातलंही खाते."

"पोट दुखतं का?" भिंगरीने विचारलं.

मुलगी खाली बघत म्हणाली, "नाही."

"जुलाब?"

"नाही. फक्त भीती वाटते."

दुसरी कुणी असती तर रागावली असती आणि पथ्याचा कागद पुन्हा हातात दिला असता. हिने मुलीची पुन्हा तपासणी केली. तुकडा स्वतः ठेवला. काप पाहिला. लव जागच्या जागी, ताठ उभी. दोन वर्षं रोज गहू खाणाऱ्या मुलीच्या आतड्याला काहीही झालेलं नव्हतं.

ती चार दिवस माझ्याकडे आली नाही. पाचव्या दिवशी दुपारी आली ती एक चिठ्ठी घेऊन. चहा समोर ठेवला, त्याच्यावर साय धरली तरी तिला दिसेना.

"वहिनी, मी त्या अकराही जुन्या काचपट्ट्या काढून पाहिल्या. लवेच्या मुळाशी नळ्या असतात. सरळ कापल्या तर लांब दिसतात, तिरक्या कापल्या तर गोल कड्या दिसतात. एका पट्टीचं नीट कळत नाही, बाकी सगळीकडे कड्या आहेत. पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा सांगेल की काप तिरका गेलाय."

"मग तेव्हा तुला कसं नाही दिसलं?"

"कारण मला खात्री होती. आमच्याकडे तुकडा उलटा ठेवलाच जात नाही, ही खात्री. जे होऊच शकत नाही ते मी कशाला शोधेन?" तिने हातातली तारखांची चिठ्ठी उलगडली. "रजिस्टरमध्ये तपासणीची तारीख आहे, खाली माझी सही आहे. तुकडा कुणी ठेवला ते लिहायची पद्धतच नव्हती. दर वेळी मीच ठेवायचे ना. आणि या अकराही तारखा त्याच चौदा आठवड्यांतल्या आहेत. वहिनी, दादाच्या आजारपणाच्या वह्या आहेत तुझ्याकडे?"

मिशनच्या शाळेत आम्हाला एक सिस्टर होत्या. रोजनिशी लिहायला त्यांनी शिकवलं. त्या म्हणायच्या, आधी तारीख, मग कोण आलं कोण गेलं, मग जे घडलं ते. जे वाटलं ते जागा उरली तर. मी तशीच लिहीत आले. त्या चौदा आठवड्यांची वही मी तोवर पुन्हा उघडली नव्हती. कपाटाच्या वरच्या खणातून ती काढली, चष्मा पुसला, आणि आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो. ती चिठ्ठीवरून तारीख सांगायची, मी वहीतलं वाचायचे.

"चार तारीख."

"‘भिंगरी सातला आली. मी अकरापर्यंत झोपले. यांनी तीन चमचे सूप घेतलं. ती दोनला गेली.’"

तिने चिठ्ठीवर खूण केली. "नऊ."

"‘भिंगरी आली. यांचे पाय चोळून दिले. आज दोघं कशावरून तरी हसत होती, मला झोपेत ऐकू आलं.’"

"सतरा."

"‘भिंगरी सव्वासातला आली, रिक्षा मिळाली नाही. यांनी तिला विचारलं, तुझं काम नाही का आज? ती म्हणाली, सुट्टी आहे.’" मी वर पाहिलं. "सुट्टी नव्हती ना गं?"

"नव्हती," ती म्हणाली. "पुढची सांग. तेवीस."

तिची खूण झाली की मी पुढची तारीख शोधायचे. सुरुवातीला वाटत होतं, निदान एखादी तारीख तरी चुकेल, निदान यांच्या बिछान्याशी ती बसली होती त्याचा या सगळ्याशी संबंध नसेल. पण पहिल्या नऊच्या नऊ तारखा जुळल्या. प्रत्येक तारखेला सकाळी ती आमच्याकडे होती. तिथे तुकडे दुसऱ्याच कुणीतरी ठेवले होते.

"दहावी. पुढच्या महिन्यातली अठ्ठावीस."

मी पान उलटलं. "‘भिंगरी आली नाही.’"

"नीट बघ."

"नीटच बघतेय. ‘भिंगरी आली नाही. फोनवर म्हणाली, आज तीन तपासण्या आहेत, उद्या येते. यांनी दोनदा तिची वाट पाहिली.’"

तिने पेन्सिल खाली ठेवली. वही स्वतःकडे ओढून ती ओळ तिने स्वतः वाचली. मग अकरावी तारीख विचारली. त्या दिवशी ती आली होती.

"म्हणजे दहा जणांचे तुकडे माझ्या हातचे नाहीत," ती म्हणाली. "आणि एकाचा आहे. तू जे लिहिलंयस ते बरोबर असेल तर तो एक खरा आजारी असला पाहिजे."

माझी वही बरोबर की चूक, याची परीक्षा अशी कधी होईल असं वाटलं नव्हतं. मेणाच्या वड्या कपाटात होत्या. प्रत्येक वडी वितळवून आतला तुकडा बाहेर काढायचा, त्याची कूस बदलायची, पुन्हा मेणात बसवायचा आणि पुन्हा कापायचा. आठ वर्षांपूर्वीचा, वाळून वळलेला, कणीएवढा तुकडा. चुकला तर गेला, दुसरा नाही. तिला त्याला तीन आठवडे लागले. चौथ्या आठवड्यात तिने मला बोलावून घेतलं. चौतीस वर्षांत मी त्या मायक्रोस्कोपला डोळा लावला नव्हता. कधी बोलावलं नाही म्हणून नाही. मला भीती वाटायची की मला काही दिसणार नाही आणि ती हिरमुसेल.

"डावा डोळा मिटू नकोस. दोन्ही उघडे ठेव. दिसलं?"

आधी नुसता गुलाबी धूर दिसला. मग तिने चकती फिरवली आणि एकदम ते समोर उभं राहिलं. बोटांसारखी उंच, एकाशेजारी एक, रांगेने, आणि प्रत्येक बोटाच्या काठाने जांभळ्या ठिपक्यांची कड. मखमलीवरून उलटा हात फिरवल्यावर केस उभे राहतात ना, तसं. एका लहान मुलाच्या पोटातलं हे, आठ वर्षं मेणात झोपलेलं, आणि सगळ्या जगाने मोडलेलं समजलेलं. काहीच मोडलं नव्हतं. आपणच त्याच्याकडे तिरकं पाहिलं होतं.

तिने दहा काचपट्ट्या दाखवल्या. दहाही ताठ. मग उरलेली एक लावली. ती मला न सांगताच कळली. गुळगुळीत, ओसाड, आणि खाली पहारेकऱ्यांची नुसती गर्दी.

"अठ्ठावीस तारीख," ती म्हणाली. "तुझी वही बरोबर आहे."

मी तिचा चेहरा पाहिला. तिच्या नावाचा आजार त्या काचेखाली संपला होता आणि ती एखाद्या विद्यार्थिनीला दाखवावं तशी मला नळ्या दाखवत होती. "बघ किती लांब आल्यात आता. किती सुंदर बसलाय काप!"

रुग्णालयाच्या संचालकांकडे ती गेली त्याचं वर्णन तिने संध्याकाळी माझ्याकडे येऊन केलं. ते खुर्चीत मागे रेलून कसे बोलले तेही करून दाखवलं. "बाई, दहाही मुलं ठणठणीत आहेत. पथ्याने कुणी मेलंय का? तीन महिन्यांनी तुमचा निरोप समारंभ आहे. पाठ्यपुस्तकातलं पान आपोआप जुनं होईल. शिवाय एक तर खरा निघालाच की! म्हणजे आजार आहे."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, तो आजार त्या मुलाचा आहे, माझा नाही."

तुकडे तेव्हा कोण ठेवत होतं, हे संचालकांनी विचारलं. तिने सांगितलं नाही. मलाही कधी सांगितलं नाही. "रजिस्टरवर सही माझी आहे. आणि लव वर कशी ओळखायची हे माझ्या हाताला माहीत होतं, ते मी कधी कागदावर लिहून ठेवलं नव्हतं. ज्याने ठेवले त्याने अंदाजाने ठेवले. बिचाऱ्याने दुसरं काय करावं?" मासिकाला तिने निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. सव्वा पान. त्यात ‘माझा भाऊ आजारी होता’ असं एक अक्षर नाही. मी वाचून म्हटलं, निदान कारण तरी लिही. ती म्हणाली, "कारण दादाचं होतं. चूक माझी आहे."

आणि मग तिने ठरवलं की अकराही घरी स्वतः जायचं.

मी म्हणाले, "अगं, पत्रं पाठव की. या वयात जिने कुठे चढतेस?"

"पत्र हातात पडलं की माणूस घाबरतो, आणि विचारायला समोर कुणी नसतं."

आठ वर्षांत लोक घरं बदलून गेले होते. पत्ते शोधायचं आणि टिपून ठेवायचं काम मी घेतलं, म्हणून मी बरोबर. पहिलं घर बिस्किटवाल्या मुलीचं. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे मी चोरून खाल्लं ते बरंच केलं?"

"शास्त्रावर तुझे फार उपकार आहेत," भिंगरी म्हणाली. "आईच्या दृष्टीने ती चोरीच."

सगळीकडे असं नव्हतं. एका बापाने आम्हाला दारातच उभं केलं आणि शेजारपाजारचे बाहेर येईपर्यंत ओरडला. ती ऐकत राहिली. तो दमला तेव्हा तिने विचारलं, "तपासणीला कधी आणाल? मी स्वतः असेन." एका आजींना पटेचना. "तुमच्या पथ्यानेच पोर वाचलं आमचं. आता तुम्हीच म्हणता काही झालंच नव्हतं?" मुलं वयाबरोबर आणि घरच्यांच्या लक्षानेही सुधारतात, हे त्यांना तिने दोन वेळा, तीन वेळा समजावलं आणि शेवटी नातवाची काचपट्टी पर्समधून काढून उजेडाकडे धरून दाखवली. आजींना त्यात काय दिसणार? पण त्यांनी ती हातात मागून घेतली. अठ्ठावीस तारखेच्या मुलाकडेही ती गेली. तो आता सतरा वर्षांचा होता. त्याला सांगितलं, "बातम्या ऐकून पथ्य सोडशील, म्हणून आले. तुझं खरं आहे. तुझं मी स्वतः ठेवलं होतं." तो म्हणाला, "बाई, माझंच नेमकं कसं काय हो खरं?" ती त्याच्याशेजारी तासभर बसली.

दहाही मुलांना तिने एकदम मोकळं सोडलं नाही. थोडा थोडा गहू, मग रक्त, मग पुन्हा दुर्बीण. प्रत्येक तुकडा तिने ठेवला. निवृत्तीचा दिवस मध्येच येऊन गेला. समारंभाला ती उशिरा पोचली, कारण सकाळची तपासणी लांबली होती. नंतरही तुकडे ठेवायला ती रुग्णालयात जात राहिली.

शेवटचं घर सापडायला पाच महिने लागले. शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौथा मजला, लिफ्ट नाही. ती प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून थांबत होती. दार मुलीच्या आईनेच उघडलं. मुलगी कॉलेजला गेली होती. घर स्वच्छ होतं. स्वयंपाकघर बाहेरूनच दिसत होतं. एका बाजूला घरची भांडी, आणि खिडकीजवळ वेगळ्या फळीवर एक ताट, दोन वाट्या, एक पातेलं आणि एक डबा. प्रत्येकाच्या काठाला लाल रंगाचा ठिपका. गव्हाचा कण लागू नये म्हणून आठ वर्षं वेगळी धुतलेली, वेगळी पुसलेली.

भिंगरीने सगळं सांगितलं. कुठे काही गुळगुळीत केलं नाही. त्या बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आठ वर्षं. कुणाच्या वाढदिवसाचा केक नाही खाल्ला माझ्या पोरीने. सहलीला पाठवली नाही. मी माहेरी राहायला गेले नाही, तिथे वेगळं कसं सांभाळणार म्हणून."

"हो," भिंगरी म्हणाली.

"तुम्हाला कुणी पाठवलं इथे? हॉस्पिटलने?"

"नाही. मी निवृत्त झाले."

"मग न सांगता राहिला असतात तर कुणाला कळलं असतं?"

"कुणाला नाही."

"मग का आलात?"

तिची चार मजल्यांची धाप अजून उतरली नव्हती. "मी तुमचा हात धरून ‘जन्मभर’ म्हणाले होते," ती म्हणाली. "तो शब्द तुमच्या घरात राहिला होता. तो परत घ्यायला आले."

त्या बाई उठल्या. मला वाटलं, आता दार दाखवतील. त्या स्वयंपाकघरात गेल्या, खिडकीजवळच्या फळीवरून ठिपक्याची एक वाटी काढली आणि ती हातात घेऊन उभ्या राहिल्या. कुठे ठेवावी ते त्यांना सुचत नव्हतं. एकदा ती पुन्हा त्याच फळीकडे नेली, मग थांबल्या. शेवटी घरच्या वाट्यांची चळत होती तिच्यावर ती ठेवली. वाटी जरा लहान होती, नीट बसेना. त्यांनी दाबून बसवली.

भिंगरी उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी तिच्या कोपराला धरलं.

"तपासणी झाल्याशिवाय नाही," ती तिथूनच म्हणाली. "आधी तपासणी. सोमवारी सातला आणा. तुकडा मी ठेवेन."

बाईंनी मागे न बघता मान डोलावली आणि दुसरी वाटी काढली.